तफावत शून्य

ज्या वस्तूची दुसरी प्रत नाही, ती वस्तू आहे असे धरून चालणे हा निव्वळ भाबडेपणा होय. हे सत्य जगाला फार उशिरा कळले. त्याआधी लोक एकाच किल्लीने घर उघडत आणि ती हरवली की शेजाऱ्याच्या पायरीवर बसून राहत. नेत्र रुग्णालयालाही हे सत्य उशिराच कळले. पण कळल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिले नाही. (मागे वळून पाहण्याची सोय पुढे समितीनेच बंद केली. ती हकीकत यथावकाश येईल.)

रुग्णालय मोठे होते. लांबलचक मार्गिका, भिंतींना टेकलेली बाके आणि बाकांवर डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून बसलेली माणसे. थेंबांमुळे त्यांना काही वाचता येत नसे, त्यामुळे भिंतींवर हव्या तेवढ्या सूचना लावायला प्रशासनाला मोकळे रान होते. तळमजल्यावर, चष्म्याच्या दुकानामागे, बिनखिडकीचा थंडगार यंत्रकक्ष होता. त्याच्या प्रमुख बाईंना सगळे यंत्रताई म्हणत. कक्षात त्यांच्याशिवाय दुसरे कोणीच नव्हते, त्यामुळे प्रमुख त्याच आणि कर्मचारीवर्गही त्याच. यंत्रताईची दुसरी प्रत नाही, हे मात्र कधी कोणाच्या लक्षात आले नाही.

रुग्णालयाचा कारभार ज्या यंत्रावर चाले ते यंत्र, खरे सांगायचे तर, नव्हतेच. ते आभासी यंत्र होते. म्हणजे असे, की कपाटाएवढा एक खराखुरा संगणक असतो आणि त्याच्या पोटात चार-सहा संगणक भाडेकरूसारखे राहतात. प्रत्येकाला वाटते, आपण आपल्या स्वतंत्र बंगल्यात आहोत. नोंदणीचे यंत्र हा त्यातला सर्वांत वजनदार भाडेकरू. कोणाचा डोळा कधी तपासला, कोणाची शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी, कोण कोणाच्या मागे, हे सगळे त्याच्याकडे.

या भाडेकरूच्या जिवाला जपण्यासाठी ताईने चार सोयी बसवल्या होत्या. क्षणचित्र ही पहिली. भाडेकरूच्या घराचे आहे तसे चित्र काढून ठेवायचे, आणि पुढे कोणी नासधूस केलीच तर चित्राबरहुकूम घर पुन्हा लावून द्यायचे. दुसरी स्थलांतराची: घरमालक-संगणक तापू लागला तर भाडेकरूला झोपेतून न उठवता अलगद शेजारच्या संगणकात नेऊन ठेवायचे. घरमालकाने अचानक मानच टाकली, तर भाडेकरूला दुसरीकडे आपोआप जागे करणारी पुनरारंभाची सोय तिसरी. चौथी सोय कुलपाची, ते म्हणजे कुलूपच. या चार सोयींच्या जोरावर कारभार इतका सुरळीत चालला होता की ताई दिवसभर काय करते, असा प्रश्न वरच्या मजल्यावर वारंवार विचारला जाई.

अशा वेळी विक्रेता आला. तो इतका नम्र होता की त्याच्यासमोर बसल्यावर आपणच काहीतरी खपवायला आलो आहोत असे वाटे. त्याच्याकडे प्रतिरूप नावाची प्रणाली होती. रुग्णालयाच्या जुन्या धुलाईघरात दुसरा संगणक ठेवायचा, आणि इकडच्या यंत्रात जे जे होईल ते ते, पापणी लवायच्या आत, तिकडच्या यंत्रातही होईल. इकडे आग लागली तरी तिकडे सगळे जसेच्या तसे.

“आमच्या बाकीच्या सोयींबरोबर हे चालतं का?” ताईने विचारले.

“चालतं ना, मॅडम. सगळ्यांबरोबर चालतं.”

“सगळ्या चालू असताना?”

“वा!” विक्रेता म्हणाला. “फार छान प्रश्न आहे.”

उत्तर तेवढेच होते. संचालक साहेबांना ते पटले. साहेब मूळचे डोळ्यांचे डॉक्टर, पण बऱ्याच वर्षांत त्यांनी कोणाच्या डोळ्यात डोळे घालून पाहिले नव्हते. प्रणाली विकत घेतल्यावर ती कशाकशाबरोबर चालते हे ठरवण्यासाठी त्यांनी सुसंगतता समिती नेमली. (आधी ठरवले असते तर समितीला काम उरले नसते.)

समितीने पहिल्याच बैठकीत ‘विसंगत’ हा शब्द वगळला. साहेबांच्या मते तो नकारात्मक होता, आणि रुग्णालयात आधीच आजारी माणसे येतात. उरल्या तीन श्रेणी. दोन सोयी एकत्र चालत असतील तर त्या ‘सुसंगत’. एक चालू असताना दुसरी बंद ठेवावी लागत असेल तर ‘अटींसह सुसंगत’. आणि एकत्र चालवल्यावर दोन्ही बंद पडत असतील तर ‘तत्त्वतः सुसंगत’, कारण निदान बंद पडण्याबाबत तरी त्यांचे एकमत दिसते.

समितीला खोली मिळाली, टेबल मिळाले, पाटी नव्हती. ताईचे वडील पाट्या रंगवत. शहरातल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरे त्यांच्या हातची. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांनी पाटी रंगवून आणली, तेव्हा ‘सुसंगतता’ ही अक्षरे डावीकडे ताठ उभी होती आणि उजवीकडे जाता जाता उतारावरून घसरावीत तशी खाली आली होती. साहेब पाटीकडे बराच वेळ बघत राहिले.

“आधुनिक आहे,” ते म्हणाले.

आधुनिक नव्हती. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

“आधी उजव्यात झाला,” आप्पा लोकांना कौतुकाने सांगत. “डाव्यानं तो बघून घेतला आणि आपल्यातही हुबेहूब तसाच करून घेतला. आपल्याकडे घरातच प्रतिरूप आहे. विक्रेत्याची गरज नाही.”

ताईला या विनोदावर हसू येत नसे, कारण आप्पा अजून शिडीवर चढत होते. मागे औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना त्यांनी शिडीला नसलेल्या पायरीवर पाय ठेवला होता आणि थेट निळ्या रंगाच्या डब्यात बैठक मारली होती. हाड वाचले. दुकानाच्या पायऱ्यांवर मात्र सांडलेल्या रंगाची निळी पावले उमटली आणि कितीतरी दिवस गिऱ्हाइके त्याच पावलांवर पाय ठेवून आत जात होती. हे ऐकून सगळे पोट धरधरून हसले. ताई हसली नाही.

“आप्पा, ऑपरेशन होईपर्यंत तरी काम बंद ठेवा ना.”

“अगं, आयुष्यभर मी पाट्या रंगवल्या, टाकल्या नाहीत. आता घेतलेलं काम अर्धवट सोडू?”

“मग मी साहेबांना सांगून तुमचा नंबर आधी लावून घेते.”

“आणि जो मधे बसलाय तो काय करील? काही नको. आपला नंबर येईल तेव्हा जाऊ.”

नंबर लांबचा होता, पण सरकत होता. कितीतरी महिने सरकत सरकत अखेर तारीख पडली: महिनाअखेरचा गुरुवार. चिठ्ठी मिळाली त्या दिवशी ताईने ती चारदा वाचून दाखवली, कारण आप्पांना वाचता येत नव्हती. त्यांनी शिडी माळ्यावर ठेवली आणि गुरुवारपर्यंत हात लावणार नाही असा शब्द दिला. कितीतरी दिवसांनी ताईला शांत झोप लागली.

इकडे समितीचे काम जोरात होते. ताई क्षणचित्र काढायला गेली की मूळ यंत्र किंचित थबके, प्रत मागे पडे आणि धापा टाकत गाठायला धावे. समितीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या (म्हणजे विक्रेत्याच्या) आणि क्षणचित्रे बंद केली. ज्याची जिवंत प्रत हजर आहे त्याने जुनी चित्रे कवटाळून बसू नये, असे ठरावात म्हटले होते.

“साहेब, प्रत म्हणजे आरसा आहे,” ताईने कळकळीने सांगितले. “आपण तोंडाला शाई फासली की आरशातल्या तोंडालाही लागते. कालचं स्वच्छ तोंड फक्त चित्रात असतं.”

“पण ताई, आपल्या तोंडाला शाई कोण फासणार?”

बैठकीच्या वृत्तांतात ‘शाईबाबत चर्चा झाली’ एवढी नोंद आहे. कोणाला मोह होऊ नये म्हणून विक्रेत्याने ती सोय मुळासकट उपटून टाकली.

पुढचा क्रमांक स्थलांतराचा. भाडेकरू शेजारच्या संगणकात गेला की प्रतिरूप जुन्याच दारावर टकटक करत बसे आणि आत कोणी नाही असे कळवत राही. स्थलांतर बंद. पुनरारंभाची चाचणी घेतली तेव्हा प्रतिरूपाला एकदम दोन मूळ यंत्रे दिसली. नक्की कोणाची नक्कल करावी हा पेच पडून त्याने कोणाचीच केली नाही. पुनरारंभ बंद. कुलूपबंद घरात प्रतिरूपाला डोकावता येईना, म्हणून कुलूप काढले. चोर आलाच तर त्याला दोन्ही इमारतींत सारखाच माल मिळेल, यातही एक प्रकारची सुसंगतता आहे, याकडे साहेबांनी लक्ष वेधले. प्रत्येक सोय बंद झाल्यावर समितीने चहा घेतला आणि ‘आणखी एका सोयीशी सुसंगतता साधली’ असे जाहीर केले.

अशा रीतीने अपघातापासून वाचवणाऱ्या चार सोयी, अपघातापासून वाचवणाऱ्या पाचव्या सोयीला अपघात होऊ नये म्हणून बंद झाल्या.

मग दिवा आला. साहेबांच्या दालनाबाहेर एक दिवा बसवण्यात आला आणि त्याखाली एक आकडा झळकू लागला. मूळ आणि प्रत यांच्यात जेवढा फरक, तेवढी तफावत. तफावत शून्य असली की दिवा हिरवा, नसली की लाल. साहेबांना त्या दिव्याचा लळा लागला. येता-जाता ते त्याच्याकडे बघत, हिरवा असला की हलकेच मान डोलावत.

दिवा सारखा लाल का होतो याचा समितीने कसून अभ्यास केला. निष्कर्ष धक्कादायक होते. एकूण तफावतीपैकी सत्त्याण्णव टक्के तफावत रुग्णांमुळे निर्माण होत होती. उरलेली तीन टक्के त्यांच्या नातेवाइकांमुळे, कारण ते पत्ता बदलून घेत. रुग्ण आला की त्याचे नाव लिहिले जाई. नाव लिहिले की मूळ यंत्र बदले. मूळ बदलले की प्रत क्षणभर मागे राही. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. दोष दारातून आत येत होता.

साहेब स्वतः नोंदणीच्या खिडकीवर गेले.

“अहो बाई, आत्ताच हिरवा झाला होता!”

“साहेब, पेशंट आला,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

“येतात हो, येणारच. पण आल्या आल्या लिहायचं कशाला? जरा बसू द्या. कदाचित बरं वाटेल.”

“मोतीबिंदू आहे, साहेब.”

“मग तर घाईच नाही.”

त्यानंतर नोंदणी रोज थोडाच वेळ उघडू लागली. तफावत झपाट्याने घटली. आलेखाची रेघ अशी सुंदर खाली आली की साहेबांनी ती चौकटीत बसवून घेतली. सुट्टीच्या दिवशी तर दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड हिरवा राही. तो बघायला साहेब एकदा सहकुटुंब येऊन गेले. छापील याद्याही बंद झाल्या, कारण संस्थेत अधिकृत प्रत एकच, आणि कागदावरची ती अनधिकृत. अपवाद फक्त रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीचा. ती समितीच्या नजरेतून सुटली होती.

अशा उज्ज्वल वातावरणात ‘आदर्श प्रतिरूप संस्था’ या सन्मानासाठी मूल्यांकन पथक येणार असल्याचे कळले. पथक बुधवारी येणार होते. आप्पांच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी. पथकासमोर तफावत शून्य दिसायला हवी होती, आणि नोंदणी बंद ठेवूनही दिवा अधूनमधून लाल होत होता. कारण प्रतीक्षा यादी. ती काही स्वस्थ बसत नसे. कोणी पुढे सरके, कोणी कंटाळून जाई, कोणाची तारीख बदले. साहेबांनी रात्रंदिवस विचार केला आणि बुधवारी सकाळी ते हसतमुखाने यंत्रकक्षात आले.

“ताई, सोपं आहे. यादी मूळ यंत्रातून पुसून टाकू. प्रतीत आहेच की!”

ताईच्या हातातला कप तसाच राहिला.

“साहेब, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जाईल. पापणी लवायच्या आत.”

“इतक्या लवकर?”

“त्यासाठीच तर घेतलंय ते.”

“इतकं चांगलं चालतं?” साहेबांना गहिवरून आले.

“साहेब, ऐका माझं. यादीत शेकडो माणसं आहेत. माझे वडील आहेत. उद्या त्यांचं ऑपरेशन आहे.”

“तुमच्या वडिलांची काळजी म्हणूनच सांगतो. दोन-दोन ठिकाणी ठेवलंय त्यांचं नाव. एका ठिकाणचं काढलं तर एक उरतंच ना? साधी वजाबाकी आहे.”

“मग एक क्षणचित्र काढू द्या. एकच. विक्रेत्याला सांगून तेवढ्यापुरती सोय परत बसवून घ्या.”

“तत्त्वतः मंजूर,” साहेब म्हणाले.

तत्त्वतः या शब्दाचा अर्थ ताईला पाठ होता. तिला इतका राग आला की कानशिले तापली. तिने यादी पुसणारी कळ दाबायला साफ नकार दिला. याचा उपयोग असा झाला, की ती कळ साहेबांच्या शुभहस्ते दाबण्याचे ठरले.

समारंभ देखणा झाला. पथकातली माणसे पहिल्या ओळीत बसली. नम्र विक्रेता नम्रपणे कडेला उभा राहिला. साहेबांनी फीत कापली आणि कळ दाबली. दिवा एकदाच लाल झाला, जेमतेम दिसेल न दिसेल असा, आणि लगेच हिरवा. टाळ्या वाजल्या. ताईचे हात खिशात होते.

पथकप्रमुखांनी सहज म्हणून प्रतीक्षा यादी बघायला मागितली. पडद्यावर यादी उघडली. ती पांढरीशुभ्र होती.

“एकही रुग्ण प्रतीक्षेत नाही?” पथकप्रमुखांनी चकित होऊन विचारले.

साहेबांनी पडद्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य आले, मग विनय आला.

“नाही,” ते म्हणाले.

“प्रतीतही?”

धुलाईघरात फोन केला. प्रतीतही नव्हता.

एका सन्मानासाठी आलेले पथक दोन देऊन गेले. दुसरा ‘प्रतीक्षामुक्त रुग्णालय’ म्हणून. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर साहेब ताईकडे वळले.

“हं, आता आणा यादी परत.”

“कुठून?”

साहेबांनी मूळ यंत्र पाहिले. मग ते स्वतः चालत धुलाईघरात गेले आणि प्रत पाहिली. परत आले तेव्हा ते बरेच गंभीर होते. परंतु ज्या माणसाने समित्या चालवल्या आहेत त्याला सत्याशी जुळवून घ्यायला फार वेळ लागत नाही.

“दोन्हीकडे नाही,” ते म्हणाले, “म्हणजे नव्हतीच.”

गुरुवारी आप्पा धुतलेला शर्ट घालून, केस बसवून, खिशात चिठ्ठी घेऊन रुग्णालयात हजर झाले. ताईने आदल्या दिवसापासून त्यांना काही सांगितले नव्हते. कसे सांगावे तेच सुचत नव्हते, आणि कोण जाणे, सकाळपर्यंत काही चमत्कारही होईल. झाला नाही. खिडकीसमोर चिठ्ठ्या घेतलेल्या माणसांची रांग होती. प्रतीक्षामुक्त रुग्णालयाच्या मानाने ती बरीच लांब होती.

“आप्पा, तुमचं नाव नाही हो यात,” खिडकीवरच्या बाई खाली मान घालून म्हणाल्या.

“नीट बघा. माझे डोळे गेलेत, तुमचे नाहीत.”

“दोन्हीकडे बघितलं. मूळ यंत्रातही नाही, प्रतीतही नाही.”

“अहो, ही चिठ्ठी आहे ना. तुमच्याच हातची.”

बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, मागून-पुढून पाहिली आणि परत केली. सकाळीच समितीने चिठ्ठ्यांचा विचार केला होता. दोन स्वतंत्र यंत्रे एकमुखाने सांगत आहेत की हा माणूस रुग्ण नाही. उलट बाजूला एकटा कागद. त्याची दुसरी प्रत नाही. ज्याची दुसरी प्रत नाही ते ग्राह्य धरता येत नाही.

“आणि मी? मी उभा आहे ना इथं, अख्खाच्या अख्खा?” आप्पांनी विचारले.

“तुमचीही दुसरी प्रत नाही, आप्पा,” बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होते. नियम नवा होता आणि तोंडात अजून बसला नव्हता.

आप्पांनी चिठ्ठीची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हाताने दाबली. हे बघून शेजारी उभ्या असलेल्या ताईला रडू आले नाही, राग आला. आणि तो राग रुग्णालयातल्या कुठल्याच सोयीशी सुसंगत नव्हता. ती तडक जिना चढून साहेबांच्या दालनात घुसली.

“माझ्या वडिलांना दिसत नाहीये, साहेब. तुमच्या एका दिव्यापायी.”

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा स्वभाव मुळात मऊ होता. नव्याने नाव घ्या म्हणाले. मात्र आता रुग्णालय प्रतीक्षामुक्त असल्याने नव्या नावांना प्रतीक्षेतले म्हणता येणार नाही, त्यांना ‘इच्छुक’ म्हणावे लागेल, आणि इच्छुकांना तारीख देण्याची पद्धत अजून ठरायची आहे. पण तोवर आप्पांनी स्वस्थ का बसावे? त्यांच्यासारख्या कलावंताच्या हाताला काम हवे. दर्शनी दारावर मोठी पाटी लावायची होतीच.

ताईने घरी येऊन हे सांगितलेच नसते, पण साहेबांनी स्वतः निरोप धाडला. आप्पांनी माळ्यावरून शिडी काढली.

“आप्पा, तुम्ही शब्द दिला होता.”

“गुरुवारपर्यंतचा दिला होता. गुरुवार झाला.”

“तुमचं ऑपरेशन झालं नाही आणि तुम्हीच ती पाटी रंगवणार?”

“अगं, माझ्याइतकी ती पाटी कोणाला समजणार?” आप्पा म्हणाले. “चल, शिडी धर.”

तिने शिडी धरली. भर दुपारी, येणारी-जाणारी माणसे बघत असताना, दोन्ही हातांनी, बोटे पांढरी पडेपर्यंत धरली. वर आप्पा नाक पाटीला लावून एकेक अक्षर काढत होते. पाय चाचपडत पायरी शोधत, आणि प्रत्येक वेळी ती सापडेपर्यंत ताई शिडी आणखी घट्ट आवळे. पुसलेल्या यादीतली काही माणसे चिठ्ठ्या घेऊन दारातच बसली होती. वर काय लिहिले जात आहे ते त्यांनाही दिसत नव्हते.

शेवटचे अक्षर काढून आप्पांनी कुंचला कानामागे खोचला.

“काय गं, सरळ आलंय ना?”

ताईने वर पाहिले. ‘येथे एकही रुग्ण प्रतीक्षेत नाही.’ ओळ डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे पार उतरणीला लागली होती, आणि शेवटचा ‘नाही’ तर चौकटीच्या कडेवरून खाली उडी टाकण्याच्या बेतात होता. वाकडी आहे म्हटले असते तर आप्पा पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाले असते.

“अगदी सरळ,” ती म्हणाली. “उतरा आता. सावकाश.”

आप्पा उतरले. पाटी राहिली. साहेबांनी ती पाहिली आणि सरळ असल्याचे सांगितले. समितीने पाहिली, तिलाही सरळ दिसली. विक्रेत्याने पाटीखाली उभे राहून फोटो काढून घेतला आणि तो आता इतर रुग्णालयांना दाखवतो. मूल्यांकन पथकाने अभिनंदनाच्या पत्रात पाटीच्या सरळपणाचा खास उल्लेख केला. आप्पा अजून इच्छुक आहेत. दिवा हिरवा आहे.

वाचकांपैकी कोणी त्या बाजूला गेले तर पाटी जरूर पाहावी आणि तिचा फोटोही घ्यावा. फोनमध्ये जागा नसेल तर आईवडिलांचे जुने फोटो पुसून टाकायला हरकत नाही. आपण नेहमी म्हणतोच की ते ‘वर’ आहेत, क्लाउडमध्ये. (वर जाऊन कधी पाहिले नसेल, तर आताच घाई करू नये. तिथेही पुसायला पापणी लवायचाच अवकाश लागतो.) पाटी वाकडी दिसली तर गाजावाजा न करता घरी जावे, आपले चांगले चालले आहे. सरळ दिसली, तर मात्र तसेच आत जाऊन डोळे दाखवून घ्यावेत. रांग अजिबात नाही.